‘सर्व चाकांसाठी सुरक्षित’ असे छापलेल्या व्हील क्लीनरमुळे झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वाहन-निगा उत्पादने विभाग

विषय : लेबल न बदलता द्रावण बदलल्यामुळे दोन अलॉय चाकांचे झालेले नुकसान आणि त्याबाबत मिळालेले असमाधानकारक उत्तर.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचे व्हील क्लीनर मी गेली तीन वर्षे वापरत आले आहे. त्याच नावाच्या, त्याच आकाराच्या आणि शब्दन् शब्द तेच लेबल असलेल्या नव्या बाटलीतील द्रावणाने माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचा पृष्ठभाग कायमचा खराब झाला आहे. हे मी आपल्या ग्राहक सेवा विभागाला छायाचित्रांसह कळवले, तेव्हा ‘चाके गाडीसोबत मूळची आलेली नाहीत आणि धुलाई प्रशिक्षित व्यक्तीने केलेली नाही, सबब तक्रार ग्राह्य धरता येत नाही’ असे दोन ओळींचे उत्तर आले. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे पुराव्यासह मांडता यावे म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

उत्तरातील ‘प्रशिक्षित’ या शब्दाचा रोख माझ्या निष्काळजीपणाकडे असल्यामुळे माझी कामाची पद्धत आधी सांगणे भाग आहे. माझ्या गाडीचे ऑइल आणि फिल्टर बदलणे, ब्रेक पॅड तपासणे व बदलणे, चाके काढून बसवणे ही कामे मी स्वतः करते आणि प्रत्येक कामाची नोंद तारखेसह वहीत ठेवते. चाकांचे नट मी समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंच लावूनच, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळते. धुताना चाकांसाठी बादली वेगळी, ब्रश वेगळा आणि फडकीही वेगळी असतात, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात आणि ती फडकी चुकून बॉडीवर फिरली तर रंगावर ओरखडे उठतात. गाडीची मूळची रंगवलेली चाके काढून मी फोर्ज केलेल्या अॅल्युमिनियमची, अॅनोडाइझ केलेली (धातूवरचा संरक्षक थर विजेच्या साहाय्याने जाड केलेली) चाके बसवली, तेव्हा त्यांना रंगाचे किंवा क्लिअर कोटचे, म्हणजे वरच्या पारदर्शक लेपाचे, पांघरूण नसते आणि ती जपून धुवावी लागतात, याची मला पूर्ण कल्पना होती. म्हणूनच मी तुमचे उत्पादन निवडले. तुमच्या बाटलीच्या पुढच्याच बाजूला ‘सर्व प्रकारच्या चाकांसाठी सुरक्षित’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, आणि मागच्या बाजूला रंगवलेली, क्लिअर कोट असलेली, पॉलिश केलेली व अॅनोडाइझ केलेली अशी चारही प्रकारची चाके नावानिशी दिली आहेत.

आता प्रत्यक्ष घटना. गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी मी गाडी धुवायला घेतली. गाडी आदल्या संध्याकाळपासून जागची हललेली नव्हती, त्यामुळे चाके आणि ब्रेकच्या डिस्क हाताला गार लागत होत्या. गाडी सावलीत होती. तुमच्या सूचनेनुसार चाक आधी नुसत्या पाण्याने धुतले, मग नवी बाटली उघडून द्रावण फवारले. ते जास्तीत जास्त तीन मिनिटे ठेवावे असे लेबल सांगते. मी दीड मिनिटातच मऊ ब्रश फिरवून भरपूर पाण्याने चाक धुऊन काढले. पुढचे डावे चाक झाल्यावर उजवे घेतले. पृष्ठभाग ओला असेपर्यंत काहीच लक्षात आले नाही, कारण पाण्याच्या थराखाली असा दोष दिसत नाही. दोन्ही चाके कोरड्या फडक्याने पुसल्यावर मात्र आऱ्यांवरून द्रावण जिथे जिथे ओघळले होते, तिथे दुधट पांढरे पट्टे उठलेले दिसले. साबणाचा अंश राहिला असेल असे समजून मी दोन्ही चाके पुन्हा दोन वेळा धुतली, पण पट्टे गेले नाहीत. बोट फिरवले की त्या जागी धातू किंचित खरखरीत लागतो. मागच्या चाकांना मी ते द्रावण लावलेच नाही. ती दोन चाके आजही पूर्वीसारखीच आहेत, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला हा फरकच माझा पहिला पुरावा आहे.

माझ्याकडे जुन्या बाटलीत थोडे द्रावण शिल्लक होते, हे माझे नशीब. दोन्ही द्रावणांत मी सामू, म्हणजेच पीएच, मोजण्याच्या पट्ट्या बुडवून पाहिल्या. जुन्या द्रावणात पट्टीचा रंग ७ आणि ८ च्या दरम्यान आला, म्हणजे द्रावण जवळपास उदासीन होते. नव्या द्रावणात तो थेट १३ च्या रकान्याशी जुळला. पट्टी खराब असेल या शंकेने मी दुसऱ्या पाकिटातील पट्ट्यांनी तीन वेळा तीच चाचणी केली आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आले. मग गाडीत केलेल्या एका बदलाच्या कामातून उरलेला अॅल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा घेतला, तो पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केला आणि त्याच्या दोन टोकांना दोन द्रावणांचे थेंब टाकले. जुन्या द्रावणाच्या थेंबाखाली काहीही झाले नाही. नव्या थेंबात थोड्याच वेळात बारीक बुडबुडे उठू लागले, आणि धुतल्यावर तिथे चाकावर आहे तसाच पांढुरका डाग राहिला. या चाचणीचे सलग चित्रीकरण पत्रासोबत दिले आहे.

हे असे का होते, हे आपल्या रसायनतज्ज्ञांना मी सांगण्याची गरज नाही. परंतु ग्राहक सेवा विभागाच्या उत्तरात त्याचा मागमूसही नसल्यामुळे थोडक्यात लिहिते. अॅल्युमिनियम टिकतो तो त्याच्या अंगावर आपोआप तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या अत्यंत पातळ थरामुळे. हा थर साधारणपणे ४ ते ८.५ सामूच्या दरम्यान टिकून राहतो आणि त्याच्या खाली तीव्र आम्लात किंवा वर तीव्र अल्कलीत विरघळू लागतो. अॅनोडाइझ करणे म्हणजे हाच ऑक्साइडचा थर विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड करणे. त्यामुळे ओरखडे आणि हवामान यांच्यापुढे अॅनोडाइझ केलेले चाक साध्या अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कणखर असले, तरी अल्कलीपुढे ते तितकेच असहाय असते. थर विरघळला की खालचा धातू उघडा पडतो आणि अल्कलीशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. मला दिसलेले बुडबुडे त्याचेच. शिवाय सामूची मोजपट्टी एकेका पायरीला दहापटीने वाढते. ८ आणि १३ यांत कागदावर पाचच अंकांचे अंतर दिसते, पण द्रावणाचा अल्कधर्मी जोर मात्र एक लाख पटींनी वाढलेला असतो. इतका बदल झालेले द्रावण जुन्याच लेबलाखाली बाजारात येते, ही माझ्या तक्रारीतील सर्वांत गंभीर बाब आहे.

क्लिअर कोट शाबूत असलेल्या चाकांवर अशा द्रावणाचा परिणाम लगेच दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच ग्राहकांच्या हे लक्षातही आले नसेल. पण त्या कोटला खडा लागून टवका उडाला असेल किंवा फुटपाथच्या कडेला घासून तो निघाला असेल, तर तिथून द्रावण आत शिरून धातू खाणारच. चाकामागचे ब्रेक कॅलिपरही अनेक गाड्यांमध्ये अॅल्युमिनियमचेच असतात, आणि फवारलेले द्रावण आऱ्यांमधून तिथपर्यंत पोहोचते. मी दोन्ही चाके काढून कॅलिपर तपासले. ते रंगवलेले असल्यामुळे बचावले.

चाकांपेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती हातांची आणि डोळ्यांची. रसायनांच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार ११.५ किंवा त्याहून जास्त सामू असलेले मिश्रण, वेगळा पुरावा नसेल तर, त्वचेला दाहक मानले जाते. अशा बाटलीवर हात आणि धातू यांच्यावर द्रव ओघळत असल्याचे ते ठरलेले चिन्ह असणे अपेक्षित असते. तुमच्या बाटलीवर ते चिन्ह नाही, हातमोजे किंवा चष्मा वापरण्याची सूचना नाही, डोळ्यात गेल्यास काय करावे याची एक ओळही नाही. उदासीन द्रावणाला हे लेबल शोभत होते. आताच्या द्रावणाला ते शोभत नाही. मी सवयीने नायट्राइलचे हातमोजे घालते म्हणून मला इजा झाली नाही. पण घरी गाडी धुताना कितीतरी लोक उघड्या हातांनी काम करतात, मुलेही हौसेने ब्रश घेऊन मदतीला येतात, आणि फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने तोंडावर उडतात. हा विचार मनात आला तेव्हा चाकांचे नुकसान मला दुय्यम वाटू लागले, आणि पत्र लिहिण्यात आणखी उशीर करू नये असे ठरवले.

आता आपल्या उत्तरातील दोन मुद्द्यांकडे वळते. चाके मूळची नाहीत हे खरे आहे, परंतु मूळच्याच चाकांवर वापरावे अशी अट लेबलावर कुठेही नाही. उलट अॅनोडाइझ केलेल्या चाकांचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. जी चाके ग्राहकाने हौसेने बदलून बसवली, त्यांच्या मालकांना उद्देशूनच तो उल्लेख केलेला असणार, आणि विक्रीच्या वेळी ज्यांना हाक मारली त्यांनाच तक्रारीच्या वेळी दूर लोटणे न्यायाचे नाही. दुसरा मुद्दा प्रशिक्षणाचा. तुमच्या बाटलीवर ‘घरगुती वापरासाठी’ असे छापलेले आहे. आपली गाडी आपल्या हाताने सांभाळणाऱ्या माणसाच्या पाठीशी मेकॅनिक नसतो. बाटलीवर काय छापले आहे आणि पुस्तिकेत काय लिहिले आहे, त्याच आधारावर तो काम करत असतो. मी लेबलावरची प्रत्येक सूचना पाळली, आणि नुकसान झाले ते त्या सूचनाच द्रावणाला लागू नव्हत्या म्हणून.

आणखी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. दूरध्वनीवरून बोलताना आपल्या प्रतिनिधीने डाग घालवण्यासाठी आम्लयुक्त क्लीनर लावून पाहण्याचा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही, आणि कोणत्याही ग्राहकाला यापुढे तो दिला जाऊ नये. आधीच झिजलेल्या ऑक्साइडच्या थरावर तीव्र आम्ल लावले तर उरलासुरला थरही जातो. पॉलिश करूनही हा दोष जात नाही, कारण पॉलिश अॅनोडाइझचा थरच घासून काढते. चाकावरचा संपूर्ण थर उतरवून ते नव्याने अॅनोडाइझ करून घेणे हा एकच खरा उपाय आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, नव्याने अॅनोडाइझ करण्याचा खर्च कंपनीने द्यावा, आणि तो दोन नव्हे तर चारही चाकांचा असावा. अॅनोडाइझची छटा थराच्या जाडीवर, मिश्रधातूवर आणि त्या वेळच्या प्रक्रियेवर अवलंबून असते. दोनच चाके पुन्हा केली तर ती मागच्या दोन चाकांशी जुळणार नाहीत. त्याचबरोबर या बॅचपासून द्रावणाचा घटक बदलला की भरताना चूक झाली, याचे लेखी उत्तर मला हवे आहे. या उत्पादनाचे सुरक्षा माहितीपत्रक मी दोन वेळा मागितले आणि दोन्ही वेळा मला जाहिरातीचे माहितीपत्रक मिळाले. सोळा विभागांच्या त्या पत्रकातील नवव्या विभागात सामूची नोंद असते. मला या बॅचचे ते पत्रक पाहायचे आहे. आणि माझ्या भरपाईचा निर्णय होण्याची वाट न पाहता ही बॅच दुकानांतून परत घ्यावी, ती विकत घेतलेल्यांना जाहीर सूचना द्यावी व पुढील प्रत्येक बाटलीवर सामूचा आकडा ठळक छापावा. हा एक आकडा लेबलावर असता, तर अॅनोडाइझ केलेल्या चाकाजवळ मी ती बाटली नेलीच नसती.

खरेदीची पावती, दोन्ही बाटल्यांवरील बॅच क्रमांकांची छायाचित्रे, चारही चाकांची नैसर्गिक उजेडात घेतलेली छायाचित्रे, चाचणीचे चित्रीकरण आणि आपल्या विभागाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही बाटल्या मी झाकण घट्ट लावून, वर चिकटपट्टी मारून ठेवल्या आहेत. आपल्या तज्ज्ञांनी येऊन माझ्यासमोर प्रत्येकीतून नमुना घ्यावा. उरलेले द्रावण स्वतंत्र प्रयोगशाळेतील तपासणीसाठी माझ्याकडेच राहील. चाके तपासायची असल्यास दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे मी ती उतरवून ठेवीन. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला ग्राहक संरक्षणाच्या कायदेशीर मार्गाने दाद मागावी लागेल.

आपली विश्वासू,
एक ग्राहक