एफआर लिहिलंय म्हणजे सगळं एकच कापड नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत आग न पकडणाऱ्या कापडांवर जो लेख आला तो आवडला, विषय कुणी सहसा घेत नाही म्हणून आधी धन्यवाद. पण लेखात नोमेक्स (उष्णता सोसणारा कृत्रिम धागा), प्रोसेस केलेलं कॉटन, एफआर (फ्लेम रेझिस्टंट, म्हणजे आग न पकडणारं) पॉलिस्टर, मोडॅक्रिलिक (क्लोरीन असलेला कृत्रिम धागा) सगळ्यांना एकाच ओळीत बसवलंय आणि शेवटी सल्ला काय, तर घेताना एफआर लेबल बघून घ्या. मी कामगारांच्या कपड्यांच्या खरेदी-तपासणीत आहे आणि सगळ्यात जास्त घोळ याच सल्ल्याने होतो. पडद्याचं कापड पण एफआर, वेल्डरचं जॅकेट पण एफआर, रिफायनरीतला कव्हरॉल (अंगभर एकसंध पोशाख) पण एफआर, लेबल तिघांवरही खरंच असतं, आणि तरी एकाच्या जागी दुसरं घातलं तर माणूस भाजतो.

आधी पॉलिस्टरचं बोलतो. ट्रेव्हिरा सीएससारख्या एफआर पॉलिस्टर कापडात फॉस्फरस धाग्याच्या रेणूतच गुंफलेला असतो, वरून फासलेला नसतो, त्यामुळे कितीही धुवा, जात नाही. ज्योत लागली की कापड आक्रसून, वितळून ज्योतीपासून मागे सरतं आणि आग पुढे पसरत नाही. हॉटेल, थिएटर, हॉस्पिटलचे पडदे यासाठी हे झकास कापड आहे, मी स्वतः हेच घ्या म्हणून सांगतो. पण पडद्याच्या आत माणूस नसतो हो! पॉलिस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तो वितळलेला चिकटा कातडीवर बसला की कातडी घेऊनच निघतो. म्हणून तर अंगावरच्या कपड्यांच्या आयएसओ ११६१२ या आंतरराष्ट्रीय मानकात अट आहे की टेस्टच्या वेळी कापडातून पेटते किंवा वितळलेले थेंब पडता कामा नयेत. आणि हाच नियम आतल्या कपड्यांनाही लावायला हवा जो कुणी लावत नाही, वर भारीतला नोमेक्स आणि आत पॉलिस्टरचा टीशर्ट घालून फिरणारे लोक मी बघतो, वरचा कपडा शाबूत राहील पण आत गेलेल्या उष्णतेने टीशर्ट वितळला तर काय? आत साधं सुती बनियन घाला एवढंच.

आता प्रोसेस केलेलं कॉटन. लेखात याला "तात्पुरतं" म्हटलंय ते अर्धंच बरोबर आहे. बोरॅक्स वगैरेच्या पाण्यात बुचकळून वाळवलेलं कापड तात्पुरतंच असतं, ही युक्ती फार जुनी, फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने १८२१ मध्ये अमोनियम फॉस्फेट, अमोनियम क्लोराइड आणि बोरॅक्स वापरून थिएटरच्या कापडांसाठी हे करून दाखवलं होतं. पाणी लागलं की क्षार गेले, त्यामुळे जे कधी धुवायचंच नाही अशा स्टेजच्या कापडाला ते चालतं. पण प्रोबान प्रोसेसमध्ये फॉस्फरसचं रसायन कापडात मुरवून अमोनिया वायूत पक्कं करतात, त्याचं पॉलिमर धाग्याच्या आतच अडकून बसतं, आणि पायरोव्हॅटेक्समध्ये तर ते कॉटनच्या सेल्युलोजलाच रासायनिकरीत्या जोडलं जातं. आग लागली की फॉस्फरसमुळे सेल्युलोजमधून पेटणारे वायू कमी निघतात आणि जागच्या जागी कोळशाचा थर बनतो, तो थर पुढची आग अडवतो. हे नीट केलेलं कॉटन नीट धुतलं तर कपडा फाटेपर्यंत काम देतं.

अडचण त्या "नीट धुतलं तर" मध्येच आहे. क्लोरीनचं ब्लीच टाकलं की ट्रीटमेंट खराब होते. क्षार असलेल्या जड पाण्यात साबणाने धुतलं की साबणाचा न विरघळणारा थर कापडावर साचतो आणि तो थर स्वतःच पेटतो! फॅब्रिक सॉफ्टनरचं पण तेच. म्हणजे कापड अजून एफआरच आहे पण त्याच्यावर आपणच जळाऊ लेप दिला. हे लॉन्ड्रीवाल्याला कुणी सांगतच नाही, त्याला वाटतं मऊ आणि सुगंधी करून दिलं की गिऱ्हाईक खूश. म्हणून सर्टिफिकेट हातात आलं की मी पहिलं बघतो ते टेस्ट धुण्याच्या आधीची आहे की किती धुलायांनंतरची, आधीची असेल तर मला त्या कागदाचा उपयोग नाही.

नोमेक्सचं कौतुक लेखात भरपूर आहे, ते योग्यही आहे. १९६० च्या दशकात ड्यूपॉन्टने आणलेला हा मेटा-अरामिड (अरामिड म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्यांचा एक प्रकार) वितळत नाही, ३७० अंशांच्या वर काळा पडून फुगतो, जाड होतो आणि जाडी वाढली की आतल्या माणसाला थोडे सेकंद जास्त मिळतात. नुसता नोमेक्स भाजल्यावर तडकतो म्हणून नोमेक्स थ्री-ए मध्ये ९३ टक्के नोमेक्स, ५ टक्के केव्हलर (फार मजबूत अरामिड धागा) आणि २ टक्के स्टॅटिक चार्ज घालवणारा कार्बनचा धागा असतो, त्या ५ टक्के केव्हलरमुळे जळलेलं कापड उघडं पडत नाही. हलकं असतं, उकाड्यात बरं पडतं. पण फाउंड्रीत (धातू वितळवून ओततात तिथे) द्याल तर फसाल. वितळलेलं लोखंड अंगावर उडतं तिथे कापडाला वजन लागतं, जाड एफआर कॉटन तिथे हलक्या अरामिडपेक्षा बरं. आणि वितळलेलं ॲल्युमिनियम तर वेगळंच प्रकरण, ते बऱ्याच कापडांना चिकटून बसतं, तिथे लोकरीचं कापड कामाला येतं, त्याच्यावरून ते घसरून जातं. लोकर तुमच्या लेखात आलीच नाही! ५७० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय ती पेटत नाही, वितळत नाही, आणि हे तिला कुठलंही रसायन न लावता. आपण मात्र तिला स्वेटरपुरती ठेवलीय.

मोडॅक्रिलिकबद्दल थोडक्यात, एकटं घेऊ नका, तापलं की आक्रसतं. कॉटनबरोबर मिसळलं की त्यातला क्लोरीन कॉटनलाही विझवतो, कापड मऊ राहतं, इलेक्ट्रिशियनना आर्क फ्लॅशसाठी (विजेच्या ठिणगीचा अचानक उठणारा भडका) ते बरं पडतं.

लेखातल्या चौकटीत एलओआयचे (लिमिटिंग ऑक्सिजन इंडेक्स) आकडे दिलेत पण अर्थ दिला नाही. कापड जळत राहण्यासाठी हवेत कमीत कमी किती टक्के ऑक्सिजन लागतो तो हा आकडा. आपल्या हवेत साधारण २१ टक्के असतो. साधं कॉटन १८ च्या आसपास म्हणून भडकतं, लोकर २५, नोमेक्स २८ ते ३०, पीबीआय (आगीला फार टिकणारा कृत्रिम धागा) ४१ च्या आसपास. पण आकडा मोठा म्हणजे कुठेही चालेल असं नाही. २७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेच्या अपोलो १ यानाच्या केबिनमध्ये आग लागून तीन अंतराळवीर गेले, त्यांच्या सूटचा बाहेरचा थर नोमेक्सचाच होता, आणि केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता. २८-३० वाल्या कापडाचा १०० टक्क्यांपुढे काय टिकाव लागणार? त्यानंतर बाहेरचा थर बदलून टेफ्लॉन चढवलेल्या काचेच्या धाग्याचं बीटा क्लॉथ आणलं. वेल्डिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, बरेच जण कपड्यावरची धूळ ऑक्सिजनच्या नळीने उडवतात, कापडात ऑक्सिजन भरला की एफआर असो नसो, एक ठिणगी पुरते.

रसायनांच्या विषारीपणावर तुम्ही लिहिलं ते बरं केलं. अमेरिकेत लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांत वापरलेल्या ट्रिस या आगरोधक रसायनावर १९७७ मध्ये बंदी आली, कॅन्सरच्या भीतीने. पण त्यावरून सगळं एफआर कापड विषारी असं वाचकाला वाटेल, अरामिड आणि लोकरीला वरून काही लावावंच लागत नाही हे तिथे यायला हवं होतं.

पुढचा भाग काढणार असाल तर शिलाईच्या धाग्याबद्दल जरूर लिहा. कापड अस्सल अरामिडचं, आणि शिवलेलं साध्या पॉलिस्टर धाग्याने, आगीत धागा वितळतो आणि कव्हरॉल शिवणीवर उसवतो, आणि कापडाच्या सर्टिफिकेटवर धाग्याचं एक अक्षर नसतं. तसंच छातीवरचा कंपनीचा लोगो, तो नुसत्या रबर प्रिंटचा असेल तर बरोबर तिथेच पेटतो.

आपला,
एक नियमित वाचक