वाचन रोज होते, काळजी नसावी

ड्रेस्डेन, जर्मनी

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

सप्रेम सलाम.

बाबांचे पत्र पोहोचले. नोकरी, जेवण आणि थंडी यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. स्वेटर पुरेसे आहेत, आईने नवा विणायला घेऊ नये. बाबांनी मात्र सरळ विचारले आहे की मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडते की ड्यूटीच्या सबबीखाली तेही सुटले. रोज उघडते. इथल्या चर्चमधली बाके रविवारी बरीच रिकामी असतात हे पाळकसाहेब म्हणतात ते खरेच आहे, पण त्यावरून माझाही विश्वास थंडावला असेल असे धरून चालणे बरोबर नाही.

उलट वाचनाची खरी गोडी मला मी नोकरी करते त्या वृद्धाश्रमातच लागली. इथे सकाळच्या नाश्त्याला बऱ्याच आजींच्या बशीशेजारी एक लहानसे निळे पुस्तक असते. त्याला लोझुंगेन म्हणतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी त्यात जुन्या करारातले एक वचन, त्याला साजेसे नव्या करारातले एक वचन आणि खाली एखादी प्रार्थना किंवा गीताचे कडवे असते. आमच्या एक आजी भिंग घेऊन ते मोठ्याने वाचतात आणि वाचून झाल्याशिवाय अंड्याला चमचा लावत नाहीत. समासात त्यांनी नातेवाइकांचे वाढदिवस पेन्सिलीने टिपून ठेवले आहेत, त्यामुळे वचनाबरोबर त्या दिवशी कोणासाठी प्रार्थना करायची तेही ठरते.

आता यातली चमत्कारिक गोष्ट सांगते. जुन्या करारातले वचन कोणी विद्वान निवडत नाही, ते चिठ्ठी टाकून काढतात! ड्रेस्डेनच्या पूर्वेला, पोलंड व चेक सीमेजवळ, हेर्नहूट नावाचे लहान गाव आहे. मोराविया या आजच्या चेक देशातल्या प्रांतातून धर्मछळामुळे पळून आलेल्या लोकांनी ते 1722 मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर वसवले. 1728 मध्ये झिंझेनडॉर्फ यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले आणि ते सकाळी घरोघर जाऊन सांगण्याची प्रथा पडली. 1731 पासून वर्षभराची वचने छापून निघू लागली, ती आजपर्यंत. अठराशेहून अधिक वचनांना क्रमांक दिलेले आहेत. एका भांड्यातून क्रमांक काढायचा, तो ज्या वचनाचा निघेल ते त्या दिवसाचे, आणि हे सारे तीन वर्षे आधी. नव्या करारातले वचन मात्र नंतर विचारपूर्वक जोडतात. आगगाडी चार मिनिटे उशिरा आली की कपाळाला आठ्या घालणारे हे लोक देवाच्या वचनाची वेळ चिठ्ठीवर सोपवतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

बाबा, तुम्ही याला सोडत म्हणाल. पण प्रेषितांमध्ये यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली आणि नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायाचा शेवटही तुम्हाला पाठ आहे: चिठ्ठी माणूस टाकतो, पण निर्णय परमेश्वराचा असतो. शिवाय हे हेर्नहूटचे मोरावियन लोक आपल्याला परके नाहीत. लेह येथे यांची मंडळी 1885 पासून आहे, आणि ज्या मिशनरी विल्यम केरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला, त्यांनी मिशनकार्याची उमेद याच लोकांच्या उदाहरणावरून घेतली होती.

तुम्ही दिलेला वर्षभराचा वाचनाचा तक्ता मी चालवत नाही, हे मोकळेपणाने सांगते. रोज तीन-चार अध्याय हे घरी, एका ठरावीक वेळी, सर्वांबरोबर जमते. माझी ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. एखादा दिवस चुकला की उरलेले अध्याय कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांसारखे साचतात आणि मग नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकापाशी वाचनच थांबते. म्हणून मी वाचन घड्याळाला न बांधता चहाला बांधले आहे: ड्यूटी कोणतीही असो, उठल्यावरच्या पहिल्या चहाबरोबर त्या दिवसाचे वचन पाहते आणि ते ज्या अध्यायातले आहे तो पूर्ण अध्याय मराठीत वाचते. चिठ्ठी कुठेही नेते. हाग्गयाचे पुस्तक मी अशानेच पहिल्यांदा नीट वाचले. दोनच अध्याय आहेत, पण घरच्या तक्त्यात ते डिसेंबरच्या धांदलीत यायचे आणि आपण सगळे घाईने उरकायचो. रात्रपाळीत मोबाइलवर वाचते, याचा कृपया राग मानू नये. तुम्ही दिलेले पुस्तक उशाशीच आहे.

आजींनी मला बोनहोफर यांची हकीकत सांगितली. हिटलरला विरोध करणारे हे जर्मन पाळक 1939 मध्ये अमेरिकेत होते, तिथे सुरक्षित राहू शकले असते. परतावे असे त्यांच्या मनाने घेतलेच होते. 26 जूनला पौलाने तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येण्याविषयी लिहिलेले वचन समोर आले आणि ते दिवसभर पाठ सोडीना असे त्यांनी रोजनिशीत लिहिले. जुलैमध्ये ते परतले, आणि 1945 मध्ये त्यांना फाशी झाली. हे ऐकल्यावर मी बराच वेळ भांडी घासत राहिले. मला यंदा नाताळात रजा नाही. ज्यांना लहान मुले आहेत त्यांना आधी देतात, ते योग्यच आहे, आणि सणाच्या ड्यूटीचे पैसेही जास्त मिळतात. पंचवीस तारखेचा शास्त्रपाठ यंदा धाकट्याने वाचावा, आणि घाई न करता वाचावा.

पैसे नेहमीप्रमाणे पाठवले आहेत. त्यातून पतपेढीचा हप्ता आधी भरावा. उरलेल्यातून छताचे काम करायचे की बेबीच्या लग्नासाठी ठेवायचे ते तुम्ही ठरवा. माझ्यासाठी आलेल्या संगमनेरच्या स्थळाने मुलगी प्रार्थनाशील आहे का असे विचारले, म्हणून बाबांनी हा प्रश्न मला विचारला असेल, तर त्यांना एवढेच सांगावे की ती वाचते. रोज किती अध्याय, हे बायोडेटात घालू नये. मुलाशी मी स्वतः फोनवर बोलेन, आणि तो काय वाचतो ते मीही विचारीन. माझ्यासाठी बेबीचे लग्न थांबवू नका. तारीख ठरवण्यापूर्वी मला कळवा, कारण रजेचा अर्ज इथे फार आधी द्यावा लागतो.

तुमची,
थोरली