या वेळी आईही येणार

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर जंगल सफारीचा विषय काढला की आई लगेच "तुम्ही तिघं जाऊन या, मी घर बघते" म्हणते आणि बाबा "बघू पुढच्या थंडीत" म्हणतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

फेब्रुवारीत आपण चौघांनी आपल्याच गाडीने सातपुडा, पेंच आणि कान्हा ही मध्य प्रदेशातली जंगलं करायची. शनिवारी इंदूर सोडायचं, पुढच्या शनिवारी सकाळी परत घरी. दादाला बांधवगढ आणि पन्नाही हवं होतं. मी ठाम नाही म्हटलं. आठवड्यात पाच जंगलं गाठायची तर दिवस गाडीतच जातील, आणि बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

पण कान्हा मला हवंच आहे. बाबा, तुमची कान्ह्याजवळच्या मंडल्याला बदली झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो, आजी अंथरुणाला खिळलेली, आणि आई इंदूरलाच राहिली. तुमचं पत्र आलं की दुपारची भांडी आवरून ती ओसरीवर आम्हाला वाचून दाखवायची. सालाच्या झाडांमधून जाणारा रस्ता, पहाटेचं दहिवर, बाजारातली कोदो-कुटकी. एका पत्रातून तुम्ही सालाचं पान पाठवलं होतं. ते आईच्या पोथीत अजून आहे. कडा झडल्या, शिरा तेवढ्या राहिल्यात. तुम्ही कान्ह्याला कितीदा जाऊन आलात. आईला मात्र ते जंगल तुमच्या अक्षरातच भेटलं. तिने ते तुमच्या शेजारी बसून बघावं, एवढ्यासाठी हे सगळं मी जुळवते आहे.

आता रस्ता. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघू. कन्नोद, खातेगाव करत नेमावर. तिथे सिद्धनाथाचं दर्शन आणि नर्मदेच्या काठी निवांत बसणं. आईला तिथून उठवायची घाई कोणी करायची नाही. मग पूल ओलांडून हंडिया, हरदा, इटारसी, सोहागपूर, आणि दिवस मावळायच्या आत मढई, म्हणजे सातपुड्याच्या जंगलाचं प्रवेशद्वार. गाडी मी आणि दादा आलटून पालटून चालवू.

मढईला देनवा नदी बोटीने ओलांडली की पलीकडे सफारीची उघडी जिप्सी गाडी मिळते. सातपुड्यात वाघ दिसणं अवघड, पण गवे, अस्वलं आणि झाडावरचा शेकरू बघायला जागा फार छान आहे. नदीत बोटीची सफारीही असते. बाबांना जिप्सीचे धक्के नको वाटले तर ते आणि आई बोटीने फिरतील.

सोमवारी पिपरिया, तामिया, छिंदवाडा, सिवनीवरून पेंच. बाबा, कुरई घाटातून तुम्ही एसटीने नागपूरला जायचात ना? तो महामार्ग आता जंगलात जागोजागी उंच उचललाय आणि जनावरं खालून ये-जा करतात. आवाज आणि दिव्यांचा उजेड खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी भिंती उभ्या केल्यात. तुम्हाला हे काम बघायला आवडेल, तिथून जाताना गाडी सावकाश घेऊ. पेंचला सागाचं रान, मध्येच कुल्लूच्या झाडांची पांढरी खोडं. 29 बछड्यांना जन्म देणारी कॉलरवाली वाघीण इथलीच. 2022 मध्ये ती गेली तेव्हा गावकऱ्यांनी फुलं वाहून तिला निरोप दिला होता.

बुधवारी मध्य प्रदेशातल्या या जंगलांत दुपारची सफारी बंद असते. म्हणून त्या दिवशी सकाळची फेरी पेंचला करायची आणि दुपारी नैनपूरवरून कान्ह्याच्या खटिया गेटला पोचायचं. शनिवारी निघायचं ठरवलं ते यासाठीच.

कान्ह्यासाठी गुरुवार पूर्ण आणि शुक्रवारची सकाळ ठेवली आहे. आई, बाबांच्या पत्रातले बारशिंगे तुला तिथेच दिसतील. 1970 साली ते अवघे 66 उरले होते. कुंपण घालून त्यांची पाडसं सांभाळली, कुरणं राखली, आणि आता तिथले बारशिंगे सातपुड्यातही नेऊन सोडलेत. आणखी एक, श्रावणबाळाची गोष्ट सांगताना तुझा आवाज भरून यायचा. दशरथाचा बाण त्याला लागला ते ठिकाण कान्ह्यातलंच असं तिथले लोक मानतात. श्रावणताल आहे, दशरथाचं मचाणही आहे. गाइडला सांगून तिकडे नक्की जाऊ.

शुक्रवारी दुपारी जबलपूर, आणि रात्रीच्या ओव्हरनाइट एक्स्प्रेसने तुम्ही दोघं माझ्याबरोबर इंदूर. दोन लोअर बर्थ बघते. दादा गाडी घेऊन भोपाळला मुक्काम करत येईल.

आई, तू जे जे म्हणशील ते मला पाठ आहे. जिप्सीत मागची सीट सगळ्यात जास्त आदळते, तिथे मी आणि दादा बसू. सफारीच्या फेरीत मध्येच थांबायची जागा आहे, पेंचला अलीकट्टा आणि कान्ह्याला आतलं केंद्र. तिथे बाथरूमची सोय असते, नाश्ताही तिथेच करायचा. उघड्या गाडीत सकाळी थंडी बोचते, तेव्हा कानटोपी, शाल आणि ते जुनं कांबळं घे. दशम्या आणि लसणाची चटणी पहिल्या दिवसापुरती पुरे, बाकी साधं वरण-भात सगळीकडे मिळेल. तुझ्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडेही वेगळ्या ठेवीन. देवांची पूजा आणि झाडांना पाणी शेजारच्या वहिनी करतील, मी त्यांच्याशी बोलले आहे.

आणि वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट नको. गाइड इंजिन बंद करायला सांगतो, सगळे गप्प होतात, मग लांबून चितळाचा टाहो, त्यावर वानराचं खोकल्यासारखं ओरडणं. बाबा, हे सगळं तुम्हाला ओळखता येतं. ते आईला तुम्हीच समजावून सांगायचं, आम्ही दोघं मध्ये बोलणार नाही.

सफारीच्या परवान्यावर ओळखपत्राचा नंबर लागतो आणि गेटवर मूळ कार्ड बघतात. दोघांच्या आधारचे फोटो रविवारपर्यंत दादाकडून पाठवा. बाबा, आधी आईचा.

तुमची,
मनू