लपणारी तोफ

सिएटल,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर दोन मिनिटं झाली की बाबांचं "घे, आईशी बोल" सुरू होतं, म्हणून या वेळी पत्र. आई, तूही वाच, पण हे बाबांसाठी जास्त आहे.

काल फोर्ट केसीला जाऊन आलो. व्हिडबी बेटावर आहे. मुकिल्टिओला गाडीसकट बोटीत शिरायचं, वीसेक मिनिटांत पलीकडे. आपली मांडव्याची रो-रोच, फक्त वडापाव नाही आणि वारा बोचरा.

किल्ला म्हणावं असं आधी काही दिसतच नाही. बुरूज नाही, महादरवाजा नाही. भलंमोठं हिरवं मैदान, पतंग उडवणारी मंडळी, आणि मैदान संपतं तिथे जमिनीत रुतवलेलं काँक्रीट. समुद्रातून येणाऱ्याला काही दिसू नये, हीच त्यातली मेख. ब्रेमर्टनच्या नौदल गोदीकडे जाणारी जहाजं याच चिंचोळ्या खाडीतून आत शिरणार, म्हणून १८९७ च्या सुमारास फोर्ट केसी, फोर्ट वर्डन आणि फोर्ट फ्लॅगलर असे तीन किल्ले समोरासमोर बांधायला घेतले.

आणि तोफ! दहा इंची तोंड, एकेक गोळा सुमारे २८० किलोचा. ती एरवी भिंतीआड खाली बसून असते. खालच्या वजनाच्या जोरावर वर येते, भिंतीवरून एक गोळा सोडते आणि स्वतःच्याच धक्क्याने मागे झुकून पुन्हा भिंतीआड. मला एकदम हसू फुटलं. तुमचे जावई विचारायला लागले, तर म्हटलं, अरे, हे आमचे बाबा! जेवताना एक वाक्य डागायचं आणि लगेच पेपरच्या आड.

मी इकडे यायला निघाले तेव्हाही "जायचं तर जा, पण रडत फोन करू नकोस" एवढं बोलून तुम्ही पेपर वर केलात. तो पेपर आदल्या दिवशीचा होता. मला तेव्हाच दिसलं होतं, बाबा.

या किल्ल्याने कधी शत्रूवर एक गोळा टाकला नाही. विमानं आली आणि एवढा खटाटोप जुना झाला. पहिल्या महायुद्धात इथल्या बऱ्याच तोफा काढून युरोपात पाठवल्या. आत्ता आहेत त्या दोन मोठ्या तोफा १९६८ मध्ये फिलिपाइन्समधून आणलेल्या. त्यांच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धातल्या माऱ्याचे खळगे आहेत. चिनू प्रत्येक खळग्यात बोट घालून मोजत बसली. बावीसनंतर कंटाळली.

लोखंड गारठलेलं होतं. कुलाबा किल्ल्यातल्या चाकांवरच्या तोफेवर तुम्ही मला उचलून बसवायचात, तेव्हा फ्रॉकमधून चटका बसायचा. तिच्यावरची इंग्रजी अक्षरं बोटाने गिरवायला लावून तुम्ही मला 'यॉर्कशायर' वाचायला शिकवलंत. मग १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींवर कसे चालून आले आणि हात हलवत कसे परतले, तेही ठरलेलंच. ते सांगताना तुम्ही पेपरच्या आड नसायचात. चिनूला मी सांगून पाहिलं, पण माझ्या सांगण्यात ती मजा नाही. "मग इंग्रज काय म्हणाले?" या प्रश्नावर मी अडकते. तुम्ही त्यांच्या तोंडी काय घालायचात?

व्हिसा झालाय, पासपोर्ट कपाटात पडून आहेत. आई म्हणते बाबांना विचार, बाबा म्हणतात आईचा गुडघा. गुडघ्याचं मी पाहून आले. बाकं आहेत, वर चढला नाहीत तरी मैदानातूनच समुद्र दिसतो, आणि कुलाब्यासारखी ओहोटीची वेळ बघून पळापळ करायला नको. घराला कुलूप लावायचं राहिलं, त्याची किल्ली मावशी ठेवायला तयार आहे. मी तिला आधीच विचारलंय.

तुमची,
ताई

ता. क. आई, तू हे मोठ्याने वाचत असशील. बाबांच्या हातातला पेपर आजचा आहे का, तेवढं बघ.