तुमचा हात, त्यांची मूठ

सॅन अँटोनिओ, टेक्सास

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन झाला, पण बाबा, तुम्ही नेहमीसारखं दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिलात. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, हे मला कळतं. दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या मुलीला ते कळणार नाही का? म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, आणि आईलाही वाचून दाखवा.

मागच्या महिन्यात माझ्याकडे एक आजोबा आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, पाठ ताठ. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं म्हणून सांगत नाही. पण ही हकिकत तुम्हाला कळवायला त्यांनीच सांगितलं आहे. आमची तपासणी अशी असते, की पेशंटला बंद खोलीत हेडफोन लावून बसवायचं आणि बारीक बीप ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं. मशीन एका वेळी तीन बीप सोडतं. आजोबा एका हातानं बटण दाबत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर काहीतरी ठोकत होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मघापासून तू मला नुसता एस पाठवते आहेस."

मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या आखूड ठोका (डॉट) आणि लांब ठोका (डॅश) यांच्या भाषेत, तीन डॉट म्हणजे एस. बाबा, हे मला तुमच्यामुळे माहीत. मी म्हटलं, माझे वडील सोलापूरच्या तार ऑफिसात होते. मग ते उठेचनात.

ते व्हिएतनामच्या लढाईत होते, पण त्यांच्या हातात बंदूक नव्हती. 1969 साली ते प्लेकूच्या तळावर होते, तांबड्या धुळीच्या डोंगराळ मुलखात. विमानात बसून ऐकणं हे त्यांचं काम, आणि विमान कोणतं, तर डाकोटा! ऑक्टोबर 1947 मध्ये आपले जवान घेऊन श्रीनगरला उतरलेलं, तुम्ही मला लहानपणी ज्याच्या गोष्टी सांगायचात, तेच. दुसऱ्या महायुद्धातली ती जुनी पंख्याची विमानं अमेरिकन हवाई दलानं पुन्हा कामाला काढली, त्यात रेडिओ ऐकण्याची यंत्रं बसवली आणि त्यांना ईसी-47 नाव दिलं. 1966 पासून ती तिकडे उडत होती. विमानात एकही बंदूक नाही. सहा-सात तास हळूहळू घिरट्या घालायच्या आणि खाली जंगलातून कोण मोर्समध्ये बोलतंय ते ऐकायचं.

डाकोटाची शेपटी जमिनीला टेकलेली असते, त्यामुळे आत शिरलं की चढण चढल्यासारखं आपल्या खुर्चीपर्यंत जावं लागतं. पाठीवर पॅराशूट, खाली घामाच्या धारा, वर गेल्यावर गारठा, आणि दोन्ही बाजूंना चौदा-चौदा सिलिंडरच्या इंजिनांचा अखंड धडधडाट. त्या गोंगाटात हेडफोनमधला एक बारीक सूर पकडायचा आणि ऐकत ऐकत टाइप करत राहायचं. त्यांच्या तपासणीच्या आलेखात चार हजार हर्ट्झला रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाचा कान असाच असतो.

खालचा माणूस एखाद-दोन मिनिटंच बोलायचा. तेवढ्यात तो कोणत्या दिशेला आहे ते यंत्र दाखवायचं आणि नकाशावर एक रेघ निघायची. विमान थोडं पुढे सरकलं की दुसरी, मग तिसरी. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तो माणूस. त्या जागेचा आकडा पुढे कळवला जायचा. कधी कधी त्या आकड्यावर नंतर बी-52 विमानं बाँब टाकायची.

इथे ते थांबले आणि मला विचारलं, "तुझे वडील समोरच्याला हातावरून ओळखायचे का?"

बाबा, मला बार्शीच्या तार ऑफिसातले काका आठवले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतंत. तरी एकदा घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "बार्शीवाल्याला ताप आहे, आज डॅश ओढताना हात रेंगाळत होता." तिसऱ्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. बार्शीहून कुणी परका हात बसला होता आणि त्यानंच काका गेल्याची बातमी पाठवली होती. मी सात-आठ वर्षांची असेन. न पाहिलेल्या माणसासाठी माझे बाबा रडतात, हे मला तेव्हा कळलंच नाही.

तुम्ही "हात" म्हणता, आजोबांचे लोक "मूठ" म्हणायचे. जंगलातल्या अशा एका मुठीला ते चार महिने ऐकत होते. अक्षरांच्या प्रत्येक गटाच्या शेवटचा डॅश तो माणूस किंचित लांबवायचा. संदेश सांकेतिक असायचे, त्यामुळे तो काय बोलतो हे आजोबांना कधीच कळलं नाही. कळायचा तो फक्त त्याचा हात. तुमचं बरोबर उलटं होतं, बाबा. कुणाकडे पाळणा हलला, कुणाकडे अंत्यविधीला निघायचं, हे घरच्यांच्या आधी तुम्हाला कळायचं. एके दिवशी आजोबांच्या रेघा नीट जुळल्या, आकडा पुढे गेला. त्यानंतर ती मूठ पुन्हा ऐकू आली नाही. तो गेला, की त्याला दुसरीकडे हलवलं, की नुसती वेळ बदलली? पन्नासहून जास्त वर्षं हा एकच प्रश्न ते उराशी धरून बसले आहेत. हे सगळं गुप्त होतं, त्यामुळे बायकोलाही कित्येक वर्षं सांगता आलं नाही. विमान चालवणाऱ्या पुढच्यांनासुद्धा मागचे काय ऐकतात हे सगळं ठाऊक नसायचं.

त्यांच्या बोलण्यात 5 फेब्रुवारी 1973 परत परत येतो. पॅरिसचा शांतता करार होऊन नऊच दिवस झाले होते. असंच एक विमान लाओसवर पडलं. आत आठ जण होते, चार पुढचे आणि मागे बसून ऐकणारे चार. त्या चौघांतल्या काहींच्या घरच्यांनी ते तिथेच मेले हे कधीच मान्य केलं नाही. ते जिवंत पकडले गेले असंच ते म्हणत राहिले. आजोबा तोवर घरी परतले होते. "मी त्याच खुर्चीवर बसायचो," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांना कानाचं यंत्र बसवून दिलं. कानात सतत गुणगुण असते, आणि रात्री तिच्यात मोर्स ऐकू येतो म्हणतात. त्यावरही उपचार चालू केले आहेत. पण जाताना त्यांनी एक मागणं मागितलं. त्यांनी आयुष्यभर फक्त ऐकलं, उलट उत्तर कधी दिलं नाही. देण्याची परवानगीच नव्हती. निदान एकदा तरी कुणीतरी मुद्दाम त्यांच्यासाठी पाठवलेलं ऐकायचं आहे.

तेव्हा बाबा, एवढं करा. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली त्या दिवशी "आता हे बोट कशाला?" असं म्हणाला होतात. ते बोट या कामाला हवंय. जेवणाच्या टेबलावर चमच्यानं ठोका, मजकूर तुमच्या मनाचा. इंग्रजीत असू द्या, आणि शेवटी तुमचं नाव. तुमच्या तारयंत्राच्या पद्धतीचं कडकट्ट, म्हणजे नुसते खटके, त्यांना ओळखायला थोडा वेळ लागेल, कारण त्यांच्या कानाला लांब-आखूड सुरांची सवय आहे. म्हणून जरा सावकाश.

आणि येत्या आठवड्यात दादाबरोबर जाऊन कान तपासून या. स, श, त ही अक्षरं आधी निसटतात, म्हणून तुम्हाला आईचं अर्धं बोलणं कळत नाही. ती तोंडातल्या तोंडात बोलते असं नाही.

आई, रेकॉर्डिंग तू कर. फोन टेबलावर ठेव, पंखा बंद कर आणि तेवढा वेळ कुकर लावू नकोस.

तुमची,
सुमा