खूण हलली की जमीन?

ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड
१४ जुलै

तीर्थरूप आबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा दादाचा फोन आला होता. बापूकाकांनी वरच्या पट्टीचा बांध दोन हात आत सारलाय, असं त्याचं म्हणणं. "तू तिथं परक्यांच्या जमिनी मोजतेस, मग आपली मोबाइलवर मोजून दे की!" मला हसू आलं आणि त्याला राग. म्हणून हे तुम्हाला लिहितेय. त्याला तुम्हीच वाचून दाखवा, माझं तो ऐकायचा नाही.

आधी इथली गोष्ट सांगते, तुम्हाला गंमत वाटेल. इथं तालुक्याला भूमी अभिलेखचं ऑफिस नाही की सरकारी भूकरमापक नाही. हद्दीची मोजणी खाजगी सर्व्हेअर करतो. पण त्याला लायसन लागतं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं. त्याच्या सहीनं नकाशा सरकारदरबारी गेला की पुढची शंभर वर्षं लोक त्यावर विसंबतात. माझी सही अजून चालत नाही, परीक्षा बाकी आहेत. मी मोजते, खणते, टिपणं काढते. सही सीनियरची.

जुने नकाशे अजून 'लिंक' या जुन्या मापात आहेत. शंभर लिंकची एक साखळी, म्हणजे सहासष्ट फूट. आपली मोजणीची शंकू साखळी तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची, म्हणजे आपल्या दोन साखळ्यांची त्यांची एक. पहिल्याच आठवड्यात हे लक्षात आलं आणि तुमची आठवण झाली. बाकी सगळे कॅल्क्युलेटर शोधत होते!

आता मुद्द्याचं. कोयनेचा १९६७ चा भूकंप तुम्ही किती वेळा सांगितलात, पहाटे आजीनं तुम्हाला उचलून अंगणात नेलं तो. इथं सप्टेंबर २०१० मध्ये मोठा धक्का बसला आणि २२ फेब्रुवारी २०११ ला दुसरा. त्यात १८५ माणसं गेली. एव्हन नदीच्या काठची जमीन पाण्यासारखी सैल होऊन नदीकडे सरकली, काही ठिकाणी मीटरभराहून जास्त. घर, कुंपण, हद्दीची खूण, सगळं एकदम. मग हद्द कुठली धरायची? कागदावरची जुनी जागा, की जमिनीबरोबर गेलेली? कागद धरला तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून रेघ जाते. शेवटी २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला, की या भागात जमीन सरकली तर हद्दही तिच्याबरोबर सरकली असं धरायचं. दरड कोसळली असेल तर मात्र नाही.

कायदा शहाणपणाचा आहे, पण आमच्यासारख्या नवख्यांना त्यात एक पळवाटही सापडते. मागच्या महिन्यात मी त्यातच घसरले. एका माणसाला मागं गॅरेज बांधायचं होतं, म्हणून हद्द हवी होती. गवतावर दहिवर पडलेलं, बोटं बधिर झालेली. धातू शोधणारा डिटेक्टर फिरवून हद्दीची खूण म्हणून पुरलेल्या तीन जुन्या लोखंडी नळ्या खणून काढल्या. दोन नकाशाशी जुळल्या, तिसरी चौदा सेंटिमीटर बाहेर. मी वहीत लिहिलं, 'भूकंपाने सरकली', आणि निघाले.

सीनियरनं वही बघितली. म्हणाला, "एकटीच सरकली? बाकीच्या दोघी रजेवर होत्या का?"

दुसऱ्या दिवशी परत गेले. या वेळी नळीच्या भोवती हातानं माती काढली. आजूबाजूची माती पिवळट आणि घट्ट, पण नळीला लागून काळी भुसभुशीत माती, त्यात खडी आणि सिमेंटचा गोळा. कुंपणाचा खांब रोवताना कुणीतरी ती उपटली होती आणि काम झाल्यावर अंदाजानं परत खुपसली होती. जमीन सरकली की आसपासच्या सगळ्या खुणा थोड्याफार एकाच दिशेला जातात. एकटी खूण गेली तर माणसाचा हात शोधायचा. न हललेली जुनी खूण नकाशावरच्या आकड्यापेक्षा वरचढ, हे मला पाठ होतं. ती हललेली नाही, हे ठरवायचं कसं, ते त्या खड्ड्यात कळलं.

ती नळी धरली असती तर चौदा सेंटिमीटरची पट्टी शेजारच्या आजींची गेली असती. त्यांनी आम्हाला एक डॉलर दिलेला नाही, दिला तो फक्त चहा. तरी त्यांच्या बाजूनं बघणं आमच्याच कामात येतं. पैसे एकाचे आणि बांधिलकी दोघांशी, हे दादाला नीट वाचून दाखवा.

आता आपला बांध. मोबाइलचा जीपीएस उघड्या रानातही तीन-चार मीटर इकडे-तिकडे दाखवतो. दोनशे मीटरच्या बांधावर तीन मीटर चुकले तर सहा गुंठ्यांचा फरक! आणि मी घरची. माझा आकडा बापूकाका का मानतील? त्यांच्या जागी मीही मानला नसता. दादाला म्हणावं, हद्द कायम मोजणीचा अर्ज कर. लगतच्या सगळ्यांना रीतसर नोटिसा जाऊ देत. निकाल पटला नाही तर निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, आहेच. आणि आबा, मोजणीच्या दिवशी तुम्ही बांधावर जाऊ नका. तालुक्यातले निम्मे मोजणीदार तुमच्या हाताखाली शिकले, त्यांना अवघडल्यासारखं होईल. काकांना तर वेगळाच संशय येईल.

ओढ्याकडच्या कोपऱ्यातला दगड जागेवर आहे का, तेवढं मात्र बघून कळवा. उपटू नका, हलवूही नका. बुंध्याची माती कशी दिसते तेवढंच सांगा. आणि ट्रंकेतल्या जुन्या मोजणीच्या टिपणाच्या उताऱ्याचा फोटो पाठवा, साखळी-आणे वाचता येतील असा. मागच्या वेळी आईचा अंगठा मध्ये आला होता.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, मी पैसे टाकते.

तुमची,
सई