"विविध उपक्रम" म्हणजे काय ते तरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या हायस्कूलचं गॅदरिंग झालं. नेहमीप्रमाणे वार्षिक अहवाल वाचला, दहावीचा निकाल, स्कॉलरशिपला लागलेली मुलं, तालुक्याला गेलेली कबड्डीची टीम, चित्रकलेच्या परीक्षा, सगळं नावानिशी वाचलं, टाळ्या पण झाल्या आणि व्हायलाच पाहिजेत. मग शेवटी एक ओळ आली, "मल्टी स्किल विषयाच्या विद्यार्थ्यांनी विविध उपक्रम राबवले." बस एवढंच. माझी मुलगी नववीत आहे आणि तिचा हाच विषय, ती माझ्या शेजारी बसलेली, ती काही बोलली नाही पण मला काही राहवलं नाही. विविध उपक्रम म्हणजे काय ते मी वर्षभर माझ्या घरात बघितलंय, म्हणून हे पत्र.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. याचं मूळ आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग म्हणून शास्त्रज्ञ होते, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते, ते सोडून त्यांनी 1983 साली पाबळसारख्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. त्यांचं म्हणणं होतं की पोरं हाताने खरं काम करता करता जास्त चांगलं शिकतात. तिथून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञान ओळख हा विषय आला, जुने लोक त्याला आयबीटी म्हणतात, आणि आताचा मल्टी स्किल त्यातूनच आलाय. चार विभाग असतात, इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आमच्याकडे आठवड्यातला गुरुवार पूर्ण वर्कशॉपचा असतो, आणि शिकवणारे निदेशक गावातले, आसपासचेच, ज्यांचा तोच धंदा आहे असे.

जूनमध्ये शेतीपासून सुरुवात झाली. मातीचा नमुना घ्यायला पोरं आमच्याच रानात आली होती. माझे दीर म्हणाले घ्या की कुठूनपण, माती ती मातीच, तर मुलगी म्हणाली नाही काका, बांधाजवळची नको, झाडाखालची नको, शेणखताचा ढीग होता तिथली तर नकोच. मग नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखे खड्डे घेतले, सगळी माती गोणपाटावर एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, परत मिसळली, परत चार भाग, असं करत अर्धा किलोवर आणली. दीर बघतच राहिले. इतकी वर्षं शेती करतोय पण माती कधी तपासली नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

इलेक्ट्रिकचं तर मी विसरूच शकत नाही. आमच्या विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरला पावसाळ्यात झिणझिण्या यायच्या, घरात सगळ्यांना माहीत होतं, कोरडी चप्पल घालूनच बटण दाबायचं हा नियमच होता आमच्याकडे. मुलीने ऑगस्टमध्ये वर्गात अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडायची सोय, शिकलं आणि घरी येऊन पहिला प्रश्न विचारला, पप्पा आपल्या मोटरचं अर्थिंग कुठे आहे? नव्हतंच! शाळेतल्या निदेशकांनाच बोलावलं, त्यांच्यासोबत वर्गातली चार पोरं आली, खड्डा घेतला, प्लेट बसवली, कोळसा आणि मीठ थरावर थर टाकले, पाणी सोडायला वरून पाइप ठेवला. त्या दिवसापासून झिणझिण्या बंद. हे कुठल्या अहवालात येणार सांगा?

वेल्डिंग मुली पण करतात. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या पोरीच्या जातीला वेल्डिंग कशाला, पण शाळेतले मोडके बेंच या पोरांनीच उभे केले, घासून, वेल्डिंग मारून, गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडचा रंग लावून, आणि त्यावर आता पाचवीची लेकरं बसतात. पहिल्या दिवशी एक मुलगा डोळ्यांपुढे वेल्डिंगची काळी काच न धरता ठिणगीकडे बघत राहिला आणि रात्रभर त्याचे डोळे चुरचुरले, तेव्हापासून काच हातात नसेल तर वर्कशॉपच्या दारातूनच परत पाठवतात. गृह-आरोग्यला उपकेंद्रातल्या सिस्टरांनी हिमोग्लोबिन बघायला शिकवलं, बारापेक्षा कमी आलं तर काय करायचं ते सांगितलं, आणि प्रत्येक मुलीचा आकडा तिलाच सांगितला, वर्गात वाचला नाही हे मला फार आवडलं.

आणि संक्रांतीची चिक्की. गुळाचा पाक झाला का ते वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघायचं, कडक गोळी झाली की शेंगदाणे घालायचे, हे मला पण येतं. पण मला येत नव्हतं ते त्यांनी पुढे केलं. वहीत खर्चाचा तक्ता मांडला, शेंगदाणे, गूळ, गॅस, पिशव्या, मजुरीचे तास आणि भांड्यांचा घसारा, म्हणजे वापरून होणारी झीज सुद्धा, मग त्यावर विक्रीची किंमत. मी दरवर्षी उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकते. त्या रात्री मुलगी माझी जुनी डायरी घेऊन बसली आणि म्हणाली, आई, यात तुझी मजुरी कुठे लिहिलीस? मी कधी लिहिलीच नव्हती. डाळ, पापडखार, तेल लिहायचे आणि उरलं ते नफा म्हणायचे. आम्ही दोघींनी मिळून मागच्या वर्षीचा हिशोब परत मांडला तर नफा नव्हताच, माझ्याच कष्टाचे पैसे होते ते, आणि ते पण कमीच. यंदा भाव वाढवून सांगणार आहे.

आता एवढं असून लोक म्हणतात हा ढ पोरांचा विषय. शिकलेले लोक पण म्हणतात याचं जास्त वाईट वाटतं. हाताच्या कामातून शिक्षण ही गोष्ट गांधीजींनी 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत मांडली, 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात तर लिहिलंय की 2025 पर्यंत निम्म्या तरी विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हायला हवी. आणि इथे निदेशकांचं मानधन महिनोन्महिने रखडतं, वेल्डिंगचे रॉड संपले की गुरुवार नुसता वहीत चित्रं काढण्यात जातो. ज्या माणसाने आमच्या विहिरीवरचा धोका घालवला त्याला स्वतःच्या पगारासाठी चार ठिकाणी फोन करावे लागतात, हे बरोबर नाही आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते लवकर सोडवावं.

तुम्ही निकालाच्या वेळी टक्केवारीसकट पोरांचे फोटो छापता, ते छापाच. पण पोरांनी वर्षभरात काय बनवलं, काय दुरुस्त केलं, कुणाच्या घरी काय उपयोग झाला, याला पण एखादा कोपरा द्या. शाळेला पण माझी विनंती आहे की पुढच्या अहवालात ही कामं एक एक करून वाचा, पोरांची नावं घेऊन. पत्ता पाकिटावर लिहिलाय. परीक्षा जवळ आल्यात त्यामुळे वर्कशॉपचे अजून तीनच गुरुवार राहिलेत, तुमचा वार्ताहर त्यातल्या एखाद्या दिवशी अकराच्या आत आला तर पोरं कामावर सापडतील.

आपली,
एक पालक